जत्रेतील कुल्फी आणि गर्दीचा आकडा

(यात्रापूर्व नियोजनासाठी बोलावलेल्या तालुका बैठकीत एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत पाणीपुरवठा, आरोग्य, वाहतूक, वीज अशा वजनदार विषयांच्या रांगेत अगदी शेवटी माझा विषय छापलेला आहे : ‘थंड पदार्थांची विक्री व मालाचे नियोजन’. तो वाचून मागच्या बाकांवर थोडी हसाहशी झाली, ती मी पाहिली. ती रास्तच आहे. माझे शिक्षण कलाशाखेचे, पेशा बातमीपत्रके लिहिण्याचा, आणि कुल्फीशी माझा आजवरचा संबंध खाणाऱ्याचा. असे असूनही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. कारण एका बचत गटाच्या तोट्यात माझा हात होता, आणि त्याची हकीकत आपणासमोर सांगितल्यावाचून पुढे काही सांगण्याचा अधिकार मला नाही.

ही गोष्ट २०२३ सालच्या चैत्र पौर्णिमेची. गावाचे नाव सांगत नाही. जिल्ह्यातील जाणकार ते ओळखतील आणि न ओळखल्यासही काही बिघडत नाही. त्या गावच्या जत्रेत शेजारच्या वाडीवरील दहा भगिनींच्या गटाने मलईच्या कुल्फीचे पाल ठोकले. घरचे दूध, घरचे श्रम आणि गटातून काढलेले कर्ज एवढेच भांडवल. एका कुल्फीला दूध, साखर, वेलदोडा, काडी, बर्फ-मीठ धरून १२ रुपये खर्च येई. विक्रीचा भाव २० रुपये. त्यांनी १,५०० कुल्फ्या तयार करून नेल्या. म्हणजे माल १८,००० रुपयांचा, त्यावर टेम्पो आणि जागाभाडे मिळून २,५००. दिवसभरात ६१० कुल्फ्या पुऱ्या भावाने गेल्या. चारच्या सुमारास आभाळ भरून आले आणि वळवाची एक जोरदार सर येऊन गेली. कुस्त्यांचा फड उठला, माणसे वाहनांकडे धावली. संध्याकाळी निम्म्या भावाने आणखी २०० विकल्या. उरलेल्या जवळजवळ सातशे कुल्फ्या रात्री साडेनऊला एका चरात ओतून द्याव्या लागल्या. हिशेब केला तेव्हा १४,२०० रुपये हाती होते आणि २०,५०० गेलेले होते.

मी त्या जत्रेच्या वार्तांकनासाठी तेथेच होतो. गटाच्या अध्यक्ष ताईंना मी सहज विचारले, “एवढा माल कोणत्या अंदाजाने आणला?” त्या माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, “सायेब, पेपरात दीड लाख मानसं छापली हुती न्हवं? आमी म्हनलं, शंभरात एकानं खाल्ली तरी दीड हजार.”

तो दीड लाखाचा आकडा माझा होता. आदल्या वर्षीच्या बातमीपत्रकात मी ‘सुमारे दीड लाख भाविकांनी दर्शन घेतले’ असे लिहिले होते. तो कोठून आला म्हणाल, तर देवस्थानच्या एका पदाधिकाऱ्याने ‘सव्वा लाख तरी असतील’ असे सांगितले, त्याच्या आधीच्या जत्रेला सव्वा लाखच छापून आले होते, आणि यंदा गर्दी अधिक दिसते असे मला आपले वाटले. गर्दीच्या आकड्याला आपल्याकडे चढ असतो, उतार नसतो. असा आकडा कोणी पडताळीत नाही आणि त्याने कोणाचे नुकसान होते असेही आपणास वाटत नाही. तो देवाच्या वैभवाचा एक अलंकार असतो, एवढीच माझी समजूत होती. त्याच अलंकारावर विसंबून कोणी दूध आटवीत बसले असेल, हे मला कधी सुचले नाही. त्या भगिनींनी धरलेले शेकडा एक हे प्रमाण तर फारच सावध होते. त्यांना बुडविले ते माझ्या दीड लाखाने. पावसाने फक्त हातभार लावला.

मित्रहो, नाशवंत माल विकणाऱ्यापुढील हा प्रश्न जुना आहे आणि शास्त्रज्ञांनाही त्याने खिळवून ठेवलेले आहे. एजवर्थ नावाच्या पंडिताने १८८८ साली बँकेने तिजोरीत किती रोकड राखून ठेवावी याचा विचार करताना तो मांडला. पुढे १९५१ साली अमेरिकेत अ‍ॅरो, हॅरिस आणि मार्शाक या तिघांनी साठवणुकीच्या धोरणावर जो निबंध लिहिला, त्याने या विचाराला नवी दिशा मिळाली. ग्रंथांत या प्रश्नाला वृत्तपत्र विकणाऱ्या पोऱ्याचे नाव पडले आहे. सकाळी किती अंक उचलावेत? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जाते, अधिक उचलले तर संध्याकाळी रद्दी. आमच्या व्यवसायातले उदाहरण असल्यामुळेच की काय, मला ते चटकन उमगले. नाहीतर संख्याशास्त्र पाहिले की मी कपाटाआड जाणारा माणूस आहे.

या विचारातील मर्म असे की, किती माल न्यावा हे केवळ ‘बहुधा किती खपेल’ यावर ठरत नाही. एक नग कमी पडला तर किती गमावतो आणि एक नग उरला तर किती गमावतो, या दोन रकमांच्या तुलनेवर ते ठरते. आपल्या कुल्फीत एक कमी पडली तर ८ रुपयांचा नफा हुकतो. एक उरून वितळली तर १२ रुपये पाण्यात जातात. उरण्याचे दुःख हुकण्याच्या दुःखापेक्षा दीडपट मोठे आहे. तेव्हा माल सरासरी खपापेक्षा थोडा कमीच न्यावयास हवा, हे बुद्धीला पटते. पण थोडा म्हणजे किती?

समजा, एखाद्या गटाने आजूबाजूच्या दहा जत्रांची नोंद ठेवली आहे आणि खप लहानापासून मोठ्याकडे मांडला तर तो असा निघतो : ३८०, ४२०, ४५०, ५२०, ५६०, ६१०, ६४०, ७००, ७६०, ९००. आता पाचशे एकविसाव्या कुल्फीचा विचार करा. दहांपैकी सहा जत्रांत ती खपली असती, म्हणजे सहा वेळा आठ, ४८ रुपये मिळाले असते. चार जत्रांत ती उरली असती, म्हणजे चार वेळा बारा, तेही ४८. जमाखर्च बरोबर. पाचशे एकसष्टाव्या कुल्फीला पाच वेळा ८ म्हणजे ४० मिळतात आणि पाच वेळा १२ म्हणजे ६० जातात. ती न केलेली बरी. अर्थात या गटाने ५२० ते ५६० यांच्या दरम्यान थांबावे. सरासरी काढणारा माणूस ५९४ सांगेल, हौशी माणूस ९०० सांगेल, आणि वर्तमानपत्र वाचणारा दीड हजार!

आता एवढाच फरक करा की, त्याच गावात दूध संकलन केंद्राच्या शीतपेटीत रात्रीपुरती जागा भाड्याने मिळाली. उरलेली कुल्फी वितळत नाही, पुढच्या आठवडी बाजारात विकता येते, तिच्यामागे वाहतूक व भाडे मिळून फार तर २ रुपये वाढतात. हुकण्याचे नुकसान ८ आणि उरण्याचे २. त्याच यादीवर त्याच रीतीने हिशेब केला तर सातशे एकावी कुल्फी दोनदा खपून १६ रुपये देते आणि आठदा उरून १६ रुपये घेते. म्हणजे आता ७०० पर्यंत निर्धास्त जावे. गर्दी तीच, ऊन तेच, कुल्फीही तीच. केवळ रात्रीच्या जागेमुळे माल पावणेदोनशेने वाढला. ‘किती न्यावे’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘उरल्यास कोठे ठेवावे’ हा प्रश्न का विचारावयाचा, ते यावरून ध्यानात येईल. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत दूध केंद्रे आहेत त्यांच्या सरपंचांनी हा मुद्दा टिपून घ्यावा, कारण अशी जागा मिळवून देण्यास त्यांचा एक शब्द पुरतो.

बर्फाच्या गोळ्याचे गणित याहून सोपे आहे. त्यात टिकत नाही तो बर्फ, आणि तो सर्वांत स्वस्त. रंगीत पाक, काला खट्टा, कोकमाचा आगळ हे बाटलीत राहतात. म्हणून कुल्फी बेताची न्यावी आणि गर्दी अचानक वाढली तर ती गोळ्याने झेलावी. जुने जत्रेकरी विक्रेते हे आकडेमोड न करता करीत आलेले आहेत. एका पालात एकच पदार्थ ठेवणारा मुरलेला विक्रेता मी तरी पाहिलेला नाही.

नोंदीबाबत एक धोका सांगितला पाहिजे, कारण तो आमच्या याच गटाला पुढच्या वर्षी नडला. पहिल्या वर्षाचे पोळलेले असल्यामुळे २०२४ साली त्यांनी अवघ्या ५०० कुल्फ्या नेल्या. त्या दुपारी दोनच्या आत संपल्या. पुढे अंधार पडेपर्यंत पोरे रिकाम्या पेटीत डोकावून जात होती. गटाच्या वहीत त्या वर्षी ‘खप ५००’ अशी नोंद झाली. ती खोटी नव्हती, पण खरीही नव्हती. पाचशे हा त्यांच्या मालाचा आकडा होता, मागणीचा नव्हे. अशा वही‌वरून तिसऱ्या वर्षाचा माल ठरविला असता तर दरवर्षी कमी नेऊन दरवर्षी ‘एवढेच खपते’ अशी समजूत पक्की झाली असती. म्हणून माल संपला तर किती वाजता संपला, हे लिहिलेच पाहिजे. दोन वाजता संपलेले पाचशे आणि रात्री दहाला संपलेले पाचशे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरी गोष्ट तिथीची. आपल्या जत्रा पंचांगाने चालतात आणि ऊन इंग्रजी तारखेने. चैत्र पौर्णिमा २०२३ साली ६ एप्रिलला, गुरुवारी आली. २०२४ साली २३ एप्रिलला, मंगळवारी. २०२५ साली १२ एप्रिलला, शनिवारी, आणि तिला लागून रविवार व सोमवारी १४ एप्रिलची सुट्टी. २०२६ मध्ये तीच पौर्णिमा २ एप्रिलला, गुरुवारी येते. सतरा-अठरा दिवसांचा हा मागेपुढे होणारा फरक देवाला नसला तरी कुल्फीला फार असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील दुपार आणि अखेरच्या आठवड्यातील दुपार यांचा दाह एक नव्हे. शिवाय शाळांच्या परीक्षा चालू आहेत की संपल्या, यावर मुलांची संख्या अवलंबून असते, आणि आपला खरा गिऱ्हाईक मूलच आहे. मागच्या वर्षी अमुक खपले असे सांगणाऱ्याला तारीख आणि वार विचारल्याशिवाय त्याचा आकडा घेऊ नये. कोकणात आंगणेवाडीसारख्या जत्रेत तर दिवस देवीच्या कौलाने ठरतो, तिथी आधीपासून ठरलेली नसते. तेथील विक्रेत्याला तारीख जाहीर होईपर्यंत दूधवाल्याशी बोलणीच करता येत नाहीत.

महाराष्ट्रात बारमाही जत्रा आहेत, पण थंड पदार्थांचा काळ त्यांपैकी थोड्यांच्या वाट्याला येतो. वाडी रत्नागिरीचा जोतिबा, वणीची सप्तशृंगी, येरमाळ्याची येडेश्वरी, शिखर शिंगणापूर येथील चैत्री यात्रा, हा खरा मोसम. आषाढीला पंढरपुरात पाऊस असतो, पौषात मांढरदेवीला पहाटे हात गारठतात, आणि मार्गशीर्षात सारंगखेड्याला लोक घोडे पाहावयास येतात, गारेगार खावयास नव्हे. एकदा चैत्रात कमावलेल्या एका होतकरू तरुणाने तोच गाडा उत्साहाने पौषातल्या जत्रेत नेला. शेजारच्या चहावाल्याने त्याला दिवसभर फुकट चहा पाजला, एवढीच त्याची कमाई.

दिवसाच्या वेळांचाही अंदाज हवा. ऊन डोक्यावर असताना गोळा आणि गारेगार चालते. मलईची कुल्फी तहान भागवीत नाही, ती खपते उन्हे कलल्यावर, कुस्त्यांच्या फडाभोवती, आणि रात्री तमाशाच्या तंबूबाहेर. पालखी निघते त्या तास-दीड तासात विक्री जवळजवळ थांबते. उपवासाचा दिवस असेल तर निराळाच विचार. शिंगणापूरला एकादशीला येणारा भाविक दुधाची कुल्फी घेईल, पण दाटपणासाठी तीत कॉर्नफ्लॉअर किंवा पावाचा चुरा आहे असे कळले तर हात मागे घेईल. आणि न सांगता ती त्याला देणे हा व्यापार नव्हे.

आता थंडीविषयी थोडे. नवशिक्या विक्रेत्यांचे सर्वाधिक नुकसान ज्या समजुतीने होते ती ही की, बर्फात ठेवले म्हणजे झाले. नुसता वितळता बर्फ शून्य अंशावर असतो आणि कुल्फी त्या तापमानाला घट्ट राहत नाही. तीत साखर व दूध असल्यामुळे ती शून्याखालीच गोठते. म्हणून जुन्या लोकांनी बर्फात जाडे मीठ घालण्याची रीत पाडली. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ या प्रमाणात मिश्रणाचे तापमान अनुकूल स्थितीत शून्याखाली वीस-एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. मातीच्या माठाभोवती ओले गोणपाट, पेटीच्या तळाला लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस, आणि पेटी सावलीत, ही सारी आपल्या आजोबांची विद्या आहे व ती आजही खोटी ठरलेली नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढ्या उष्णतेत एक किलो थंडगार पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापते. ही बर्फाची शक्ती आहे; पण झाकण उघडे राहिले तर ती सारी जत्रेतील वारा थंड करण्यात खर्ची पडते. पेट्या दोन ठेवाव्यात. एक विक्रीची, दर मिनिटाला उघडणारी; दुसरी बांधलेली, जी पहिली रिकामी झाल्याशिवाय उघडावयाचीच नाही. यामुळे संध्याकाळी उरलेला माल बांधलेल्या पेटीत घट्ट राहतो आणि शीतपेटीत परत नेण्यायोग्य असतो.

येथे मी एक गोष्ट कठोरपणे सांगणार आहे, आणि भगिनींनी राग मानू नये. वितळलेली दुधाची कुल्फी पुन्हा गोठवून विकावयाची नाही. मोह होतो. साचे जवळ असतात, माल डोळ्यांसमोर वाहून जात असतो, कर्जाचा हप्ता आठवतो. परंतु दूध कोमट झाले की जंतू वाढतात आणि पुन्हा गोठविल्याने ते मरत नाहीत, फक्त झोपतात. खाणारे असते चार-पाच वर्षांचे मूल, आणि जत्रेच्या रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच रांग असते. त्या पहिल्या वर्षी सातशे कुल्फ्या चरात ओतताना गटातील एक भगिनी म्हणाली होती की, सकाळी पुन्हा साचे भरू. अध्यक्ष ताईंनी नकार दिला. सहा हजार तीनशे रुपयांचा तोटा समोर दिसत असताना दिलेला तो नकार होता, हे आपण अधिकारीवर्गाने ध्यानात ठेवावे.

कायद्याच्या बाजूने पाहता अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि तो ऑगस्ट २०११ पासून अमलात आहे. हातगाडीवर विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते. ती ऐनवेळी होत नाही. महिनाभर आधी अर्ज करावा. बर्फ कोणता घेतो याकडेही पाहावे. मासळी वगैरे थंड ठेवण्यासाठीचा बर्फ खाण्याचा नव्हे; तो ओळखता यावा म्हणून २०१८ पासून राज्यात अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम झाला. निळी लादी स्वस्त मिळाली म्हणून गोळ्याला वापरणाऱ्याचे पाल त्याच क्षणी उठविण्यास ग्रामपंचायतीने कचरू नये. तसेच, ज्या पदार्थात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल आहे त्याला आइस्क्रीम म्हणून विकता येत नाही. काड्या लाकडीच हव्यात. प्लॅस्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे वळतो. पालांच्या जागांचा लिलाव करताना आपण सर्वांना एकच माप लावतो. बांगड्यांच्या पालाला ऊन चालते, कुल्फीच्या पालाला चालत नाही. वडाच्या सावलीतील जागा सर्वांत चढ्या बोलीने खेळण्यांच्या दुकानाला जाते आणि दुधाचा पदार्थ उघड्या माळावर बसतो, हे दृश्य मी अनेक गावांत पाहिले. सावलीच्या चार जागा थंड पदार्थांसाठी राखून ठेवल्या तर पंचायतीचे फार उत्पन्न बुडणार नाही. तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज सामुदायिक करावा. आणि पोलीस बंदोबस्तात रस्ते किती वाजता बंद होणार, हे विक्रेत्यांना आदल्या दिवशी लेखी कळवावे. दुपारनंतर माल संपला तर दुसरी खेप आणू, असा बेत करणाऱ्याला अकरा वाजता वेशीवर अडविले जाते आणि टेम्पोतील बर्फ तेथेच वितळतो. दुसरी खेप रस्ता बंद होण्याआधी गावात असली पाहिजे. मग ती शीतपेटीत असो वा बांधलेल्या पेटीत.

पुन्हा त्या आकड्याकडे येतो. २०२३ च्या त्या रात्रीनंतर मी ठरविले की, यापुढे गर्दी मोजल्याशिवाय छापावयाची नाही. २०२४ साली त्याच जत्रेत आम्ही साधी मोजणी केली. एस. टी.च्या आगारातून जादा फेऱ्यांची संख्या घेतली : २१०. फेरीमागे ५५ माणसे धरली, ११,५५० झाली. वाहनतळाच्या पावत्यांवरून दुचाक्या ४,३००. प्रत्येकी दोन माणसे, ८,६००. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर मिळून ६४०. प्रत्येकी दहा, ६,४००. गावातील आणि पायी आलेले पाच हजार. बेरीज ३१,५५०. सुमारे बत्तीस हजार! दीड लाखाचे बत्तीस हजार झालेले पाहून मी स्वतःच तीन वेळा बेरीज तपासली. तीत दोन-चार हजारांची चूक असेल, लाखाची नाही.

ते पत्रक निघाल्यावर देवस्थानची मंडळी रुसली. शेजारच्या गावच्या जत्रेला लाखाचा आकडा छापून आला होता आणि आमच्या देवाचीच पत काय कमी, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे दुःख मला समजते. परंतु याच आकड्यावर पाण्याचे टँकर, शौचालये, बंदोबस्त आणि पायवाटांची रुंदी ठरते. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवी येथे चेंगराचेंगरीत जवळजवळ तीनशे भाविकांनी प्राण गमावले, ती आठवण सातारा जिल्ह्यातच नव्हे तर साऱ्या राज्यात ताजी आहे. दर वर्षी फुगविलेला आकडा वाचून वाचून खऱ्या गर्दीच्या इशाऱ्यावरही कोणाचा विश्वास बसेनासा होतो. कुल्फीवाल्यांना आणि बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांना एकच खरा आकडा हवा असतो.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांना वेशीवरील सुरक्षित ओट्यावर बसवून दर तासाला दहा मिनिटे आत येणारी माणसे मोजावयास लावा आणि सहाने गुणा. दिवसाचा आलेख गणिताच्या तासाला काढा. त्या आलेखात कोणत्या तासाला गर्दी चढते ते दिसेल, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहिला तर पुढच्या वर्षी प्रत्येक पालवाला तो पाहावयास येईल. सावलीची, पाण्याची आणि मुलांना उभे राहावे लागणार नाही याची काळजी मात्र घ्या. मोजणी करणाऱ्यांना एकेक गारेगार द्यावे, असेही मी सुचवीन.

तो गट तिसऱ्या वर्षी पुन्हा उभा राहिला. २०२५ साली दूध केंद्रात जागा मिळाली म्हणून त्यांनी ७०० कुल्फ्या केल्या, जोडीला गोळ्याचा गाडा लावला. रात्री उशिरापर्यंत ६५५ गेल्या. उरलेल्या ४५ आठवडी बाजारात पुऱ्या भावाने विकल्या. शीतपेटीच्या भाड्यासह सारा वरखर्च ३,००० रुपये वजा जाता कुल्फीत २,६०० आणि गोळ्यात १,४०० रुपये सुटले. आदल्या वर्षीच्या पाचशे कुल्फ्यांचे १,५०० होतेच. पहिल्या वर्षाच्या ६,३०० रुपयांच्या तोट्यात हे सारे जमा धरले तर अजून ८०० रुपये यावयाचे आहेत. तो हिशेब वहीत मांडून झाल्यावर अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, “ह्ये आठशे तेवढं सायेबांच्या नावावर मांडून ठेवलंय.” त्या आज या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून हे वाक्य मी जसेच्या तसे सांगितले.

नोंदवहीचे कोरे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. त्यात जत्रेची तिथी, तारीख आणि वार, आणलेला माल, दर तासाची विक्री, माल संपल्याची वेळ, उरलेला माल व त्याचे काय केले, आणि पाऊस-उन्हाची एक ओळ, एवढेच रकाने आहेत. प्रत्येक गटाने दोन प्रती न्याव्यात, एक आपल्यासाठी आणि एक जत्रा झाल्यावर ग्रामपंचायतीत देण्यासाठी. अन्न नोंदणीच्या अर्जाबाबत ज्यांना मदत हवी असेल त्यांनी चहानंतर थांबावे. बर्फ कारखान्याकडे लाद्यांची मागणी जत्रेच्या आठ दिवस आधी नोंदवावी लागते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. नंतर गेलात तर मोठ्या गाववाल्यांनी लाद्या आधीच उचललेल्या असतात.